पटावरून कमी केलेली नावे

आपल्यापैकी जे शाळामास्तर आहेत त्यांना एक वाक्य नवे नाही. "पटावरून नाव कमी केले." बापाची बदली झाली, घरदार ऊसतोडीला गेले, मूल आजोळी राहायला गेले, की शेऱ्याच्या रकान्यात हे शब्द येतात आणि मास्तर पुढच्या नावाकडे वळतात. मी महाविद्यालयात शिकवतो, दरसाल प्रवेशाच्या याद्या करतो. तेव्हा याद्यांचे मला वावडे नाही. पण आज ज्या देशाची हकीकत सांगायची आहे, तिथे एका सहीसरशी हजारो मुलांची नावे पटावरून कमी झाली. आणि पाच वर्षांनी त्यांतली कितीतरी मुले आगगाडीच्या मालडब्यांत घातली गेली. तो देश म्हणजे इटली.

हिटलरच्या जर्मनीने युरोपातल्या साठ लाख ज्यूंचा संहार केला, हे तुमच्या कानांवर आलेले आहे. इटलीची गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. आकडा लहान आहे, म्हणून असेल. मला मात्र मास्तर या नात्याने तीच अधिक बोचते, कारण तिची सुरुवात शाळेत झाली.

फॅसिझम हा शब्द आला तोच इटलीतून. त्याच्या मुळाशी आहे काठ्यांची मोळी. प्राचीन रोमच्या अंमलदारांपुढे शिपाई अशी मोळी घेऊन चालत. म्हाताऱ्याने मुलांना एकीचे बळ दाखवण्यासाठी बांधलेली मोळी आपण पोरांना शिकवतो ना, तशीच. फरक एवढाच, की रोमच्या मोळीत कुऱ्हाड खोचलेली असे. ही मोळी निशाणीला घेऊन मुसोलिनी १९२२ साली सत्तेवर आला.

आता गंमत पाहा. गंमत म्हणायची, दुसरा शब्द सुचत नाही म्हणून. पहिली सोळा वर्षे या राजवटीने ज्यूंविरुद्ध कायदा केला नाही. इटलीत ज्यू होते ते सत्तेचाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे. रोममध्ये तर ते दोन हजार वर्षांपासून राहत होते. पहिल्या महायुद्धात इटलीसाठी लढलेले त्यांत होते, आणि खुद्द फॅसिस्ट पक्षाचे सभासदही होते. मुसोलिनीचे चरित्र जिने लिहिले ती मार्गेरिता सारफात्ती ज्यूच. मग पुढे इथिओपिया जिंकला, तिथल्या काळ्या लोकांना वेगळे ठेवण्याचे कायदे झाले, हिटलरशी मैत्री झाली, आणि १९३८ च्या जुलैत काही पंडितांच्या नावाने एक पत्रक निघाले. इटालियन लोक आर्य आहेत आणि ज्यू त्यांच्यातले नव्हेत, असा त्याचा मथितार्थ. 'आर्य' हा शब्द आपल्या ओळखीचा. संस्कृत नाटकांत पात्रे एकमेकांना आदराने ती हाक मारतात. त्या शब्दाचे तिकडे असे हाल झाले.

पुढच्याच महिन्यात, २२ ऑगस्ट १९३८ ला, ज्यूंची खानेसुमारी झाली. आईबापांपैकी एक जरी ज्यू असला तरी नोंद. नाव, पत्ता, घरातली माणसे, धंदा. कारकुनांनी नेहमीच्या कामासारखे हे काम केले. लोकांनीही खरी माहिती दिली; सरकार विचारते आहे, खोटे कशाला सांगायचे? कागद दप्तरी दाखल झाले. श्रोतेहो, हे कागद लक्षात ठेवा.

५ सप्टेंबर १९३८ ला राजा व्हिक्टर इमॅन्युएलने हुकमावर सही केली. ज्यू शिक्षक व प्राध्यापकांनी सरकारी नोकरी सोडावी, ज्यू मुलांना सरकारी शाळांत घेऊ नये. नव्या वर्षाची शाळा उघडायची होती. ज्यू लेखकांची पाठ्यपुस्तकेही बाद झाली. भूमितीचे प्रमेय ज्यू कसे असते, हे मला अजून कळलेले नाही.

मिलान शहरात लिलियाना सेग्रे नावाची आठ वर्षांची मुलगी होती. आई तान्हेपणीच गेलेली. बापाने आणि आजीआजोबांनी वाढवलेली. घरात धर्मकर्म फारसे नव्हते. आपण ज्यू आहोत म्हणजे काय, हे तिला धड ठाऊकही नव्हते. दुसरी पास झाली होती. सुटी संपत आली तेव्हा घरच्यांनी तिला जेवणाच्या टेबलाशी सांगितले, की तुला आता शाळेत जाता येणार नाही. तिने विचारले, का? मी काय केले? बापाला उत्तर देता येईना. कोणत्या बापाला देता आले असते?

मोठ्यांचेही तेच. तूरिनची तरुण डॉक्टर रीता लेव्ही-मोंताल्चिनी हिचे विद्यापीठातले काम गेले. तिने निजण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून हत्यारे केली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भावर प्रयोग चालू ठेवले. बाँबहल्ल्यांमुळे खेड्यात जावे लागले, तेव्हा ती सायकलवरून शेतकऱ्यांकडे अंडी मागत हिंडे. ज्यांतून पिल्लू निघेल अशीच अंडी हवीत, ती मुलांना अधिक पौष्टिक असतात, असे सांगे. प्रयोग झाला की उरलेल्या अंड्याची पोळी होई, कारण अन्नाची टंचाईच होती. या कामातून निघालेल्या संशोधनाला १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण ही हकीकत गोड मानून घेऊ नका. असे निभावणारे थोडे.

आणि बाकीचे प्राध्यापक? त्याचे उत्तर सात वर्षे आधीच मिळून गेले होते. १९३१ साली राजवटीशी एकनिष्ठ राहण्याची शपथ प्राध्यापकांना घालण्यात आली. बाराशेंच्या आसपास प्राध्यापक. नकार देणारे जेमतेम डझनभर. गणिती व्हीतो व्होल्तेरा त्यांतला एक. ज्यांनी तेव्हा सही केली त्यांना वाटले असेल, एका सहीने काय होते, वर्ग तर चालू राहतील. मी त्यांना हसत नाही. माझ्यापुढे तो कागद आला असता तर घरचे हप्ते आणि मुलांच्या फिया माझ्याही डोळ्यांपुढे आल्या असत्या. १९३८ त ज्यू सहकाऱ्यांच्या जागा रिकाम्या झाल्या, त्या दुसऱ्यांनी भरल्या.

नंतर हुकूम येतच राहिले. आर्यांशी लग्न नाही. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जमीन नाही. फौजेत, बँकेत नोकरी नाही. घरी आर्य मोलकरीण नाही. मग आणखी बारीक: फेरीवाल्याचा परवाना नाही, मेलेल्या माणसाची बातमी वर्तमानपत्रात द्यायची नाही, आणि घरात रेडिओ ठेवायचा नाही. हो, रेडिओसुद्धा. या प्रत्येक हुकमाने शेजाऱ्याचे काही अडत नव्हते.

१९४३ च्या जुलैत मुसोलिनी पडला, सप्टेंबरात इटलीने शस्त्रे खाली ठेवली, आणि लगोलग जर्मन फौजांनी उत्तर व मध्य इटली व्यापली. रोममध्ये जर्मन अधिकाऱ्याने ज्यूंकडे पन्नास किलो सोने मागितले. मुदत छत्तीस तास. बायाबापड्यांनी अंगठ्या, साखळ्या आणून दिल्या. ज्यू नसलेलेही काहीजण आले आणि देऊन गेले. सोने वजन करून पोचते झाले. लोकांना वाटले, सुटलो.

१६ ऑक्टोबर १९४३. शनिवार. ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. आपल्या कोकणातले बेने इस्रायल लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत, तोच हा दिवस. पहाटे पाऊस पडत होता. जर्मन शिपाई नावे आणि पत्ते हाती घेऊन दारोदार गेले. हे पत्ते जुळवताना जुन्या नोंदी कामी आल्या. प्रत्येक घरात एक छापील कागद दिला गेला. वीस मिनिटांत तयार व्हा. आठ दिवसांचा शिधा घ्या. पैसे, दागिने घ्या. आजारी माणसालाही मागे ठेवता येणार नाही. आणि घराला कुलूप लावून किल्ली बरोबर घ्या. किल्ली घ्यायला सांगितली, म्हणजे परत यायचे आहे, असेच कोणीही समजेल. हजाराहून अधिक माणसे दोन दिवसांनी गाडीत घालून पोलंडातल्या आउश्वित्झ छावणीकडे रवाना केली. त्यांत दोनशेहून अधिक मुले होती. बहुतेकांना पोचताच विषारी वायूने मारले. परत आले सोळाजण: पंधरा पुरुष आणि एक बाई. मूल एकही नाही.

हे जर्मनांनी केले, असे म्हणून इटलीला सुटता येत नाही. उत्तरेत मुसोलिनीचे दुसरे सरकार उभे राहिले होते. त्याने ३० नोव्हेंबरला आपल्याच पोलिसांना हुकूम सोडला, की सर्व ज्यूंना पकडा. पोलिसांना शोधाशोध करावी लागली नाही; १९३८ चे कागद कचेरीत होते. ज्यांनी ते लिहिले त्यांतल्या कितीजणांच्या मनात खून होता? बहुधा कोणाच्याच नाही. लिलियाना आणि तिचा बाप डिसेंबरात डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये गेले. तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना परत लावून दिले. सीमेवर धरले गेले, तुरुंगात पडले. ३० जानेवारी १९४४ ला मिलानच्या तुरुंगातून सहाशेंवर ज्यूंना बाहेर काढले. त्या वेळी इतर कैद्यांनी, म्हणजे ज्यांना आपण चोरचिलटे म्हणतो त्यांनी, कोठडीतून त्यांच्याकडे संत्री, मफलर टाकले. देव तुमचे भले करो, म्हणाले. शहरात दुसऱ्या कोणी निरोप दिल्याचे तिला आठवत नाही. मिलानच्या मोठ्या स्टेशनाखाली टपालाच्या गाड्या भरायची जागा होती. तिथे, कोणाच्या नजरेस न पडता, मालडबे भरले.

त्याच वर्षी, १० जुलैला, इटलीतच टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आपल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे जर्मनांच्या मशीनगनवर एकटे धावून गेले आणि धारातीर्थी पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे ठाऊक असते; ती लढाई ज्या मुलखासाठी होती त्या मुलखात घरांघरांतून काय चालले होते, ते आपण सहसा त्याला जोडून पाहत नाही.

इटलीतून सुमारे सात हजार ज्यू नेले गेले. परतले आठशेंच्या आसपास. उरलेले बहुसंख्य वाचले, कारण मठांनी, शेतकऱ्यांनी, ओळखीच्या-अनोळखी माणसांनी त्यांना गोठ्यांत, माळ्यांवर लपवले. यादी तीच होती. काही दारांवर ती अडली.

लिलियानाचा बाप आउश्वित्झला मारला गेला. तिच्या हातावर ७५१९० हा आकडा गोंदला होता. ती वाचली, १९४५ साली मिलानला परतली. पुढे पंचेचाळीस वर्षे ती गप्प राहिली; १९९० पासून शाळाशाळांतून बोलू लागली, आणि २०१८ साली तिला इटलीच्या सेनेटची तहहयात सभासद नेमले. स्टेशनाखालच्या त्या जागी आता स्मारक आहे. त्याच्या भिंतीवर तिच्या इच्छेवरून एकच शब्द कोरला आहे, 'उदासीनता'.

पण मला तिची शाळेची आठवण पुन्हा पुन्हा आठवते. परत आल्यावर तिला जुन्या वर्गातल्या मुली भेटल्या. त्या दुष्ट नव्हत्या. चांगल्या घरच्या होत्या. त्यांनी तिला सहज विचारले, की अगं, तू एकाएकी शाळेत यायची बंद झालीस, कुठे गेली होतीस?