बापाचे नाव आणि बापाची जबाबदारी

(वसई येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वसई-विरारच्या माणसाला परदेश नवा नाही. सोपाऱ्याच्या बंदरातून दोन हजार वर्षांपूर्वी गलबते बाहेर जात होती. आज ह्याच पट्ट्यातील तरुण मालवाहू जहाजांवर, आखाती देशांतील बांधकामांवर आणि युरोपातील हॉटेलांत व इस्पितळांत राबतात. माणूस कामासाठी जातो तेव्हा तो केवळ आपले श्रम घेऊन जात नाही, आपले मनही बरोबर नेतो. परक्या मुलखात माणसे जोडली जातात, सहजीवन सुरू होते आणि कधी कधी लग्नावाचून मूल जन्माला येते. मग करार संपतो, व्हिसा संपतो किंवा संबंधच संपतात. बाप वसईला परततो. मूल तिकडेच, आईपाशी राहते. असा बाप गावात कोणाजवळ बोलत नाही. महिन्याकाठी गुपचूप पैसे पाठवतो आणि त्या मुलाशी आपले कायद्याने काही नाते आहे की नाही, हे विचारण्याचेही धाडस करीत नाही. आजचा विषय ह्या माणसाचा आहे. अर्थात तो त्याच्याआधी त्या मुलाचा आणि त्या आईचाही आहे.

चळवळीतील भगिनींच्या मनात येथे एक शंका येईल आणि ती योग्यच आहे. बापाच्या हक्कांची चर्चा समाजवाद्यांनी कशाला करावी? आजवर सारे हक्क बापाचेच नव्हते काय? ह्या शंकेला इतिहासाचा आधार आहे. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते का? विधवेच्या पोटी मूल आले तर कलंक तिचा, शिक्षा तिला आणि पुरुष मात्र नामानिराळा, अशी तेव्हाची रीत होती. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी ह्या विधवेला बालहत्येच्या आरोपाखाली शिक्षा झाली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून ह्याच अन्यायाचा जाब विचारला. त्या काळी प्रश्न ‘बाप कोठे आहे?’ असा होता. आज काही ठिकाणी बाप पुढे येऊन ‘माझे मूल कोठे आहे?’ असे विचारतो आहे. ह्या दोन प्रश्नांत विरोध नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर जो देईल त्यालाच दुसरा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, एवढेच सूत्र येथे धरायचे आहे.

प्रथम आपल्या देशातील कायदा पाहू. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 ह्याच्या सहाव्या कलमात औरस मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्यानंतर आई असे म्हटले आहे. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा मात्र सामान्यतः आईकडे. अनौरस मुलाच्या बाबतीत हा क्रम उलटतो. तेथे प्रथम आई आणि तिच्यानंतर बाप. म्हणजे बापाला कायद्याने अगदीच पुसून टाकलेले नाही; त्याचा क्रमांक दुसरा आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार मात्र अनौरस मूल हे आईचे नातेवाईक मानले जाते, बापाचे नव्हे. बापाने मृत्युपत्र केल्याशिवाय त्याच्या मिळकतीतील काहीही त्या मुलाकडे सहजी जात नाही. ख्रिस्ती समाजासाठी पालकत्वाचा स्वतंत्र कायदा नाही. तेथे 1890 चा पालक व पाल्य अधिनियम लागू होतो. मुसलमानी व्यक्तिगत कायद्यात, विशेषतः हनफी परंपरेत, विवाहबाह्य मुलाचे कूळ बापाशी जोडले जात नाही.

आता ह्या चित्राची दुसरी बाजू. पैशाचा प्रश्न आला की कायद्याला बाप लगेच आठवतो. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून औरस आणि अनौरस दोन्ही मुलांच्या निर्वाहाची जबाबदारी बापावर आहे. 1973 च्या संहितेत तेच कलम 125 होते. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 म्हणून आले आहे. बाप जेथे असेल त्या जिल्ह्यात हा अर्ज करता येतो. म्हणजे परदेशातील आईला आपल्या मुलाच्या निर्वाहासाठी वसईच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे दाद मागता येते. कायद्याला बापाचा खिसा ठाऊक आहे. त्याचा चेहरा तो फारसा ओळखत नाही. पण खिशाची जबाबदारी चुकवणाऱ्याने चेहऱ्याच्या मान्यतेची तक्रार करावी, हे न्यायाचे नाही.

2015 साली सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित ख्रिस्ती आईच्या अर्जावर महत्त्वाचा निर्णय दिला. मुलाची पालक म्हणून नेमणूक व्हावी ह्यासाठी तिने बापाचे नाव सांगण्याची किंवा त्याला नोटीस देण्याची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. ज्या बापाने मुलाकडे पाठ फिरवली त्याच्या संमतीसाठी आईने दारोदार फिरावे, हा जुना अन्याय त्या निर्णयाने थांबवला. तो निर्णय स्वागतार्हच आहे. मात्र त्याच निर्णयात असेही म्हटले आहे की, पालकत्वाचा आदेश कधीही अंतिम नसतो. मुलाच्या हिताची खरी कळकळ असलेल्या व्यक्तीला तो पुन्हा न्यायालयापुढे आणता येतो. म्हणजे बापाला दार बंद नाही. दार उघडण्याची किल्ली मात्र मुलाचे हित ही आहे, बापाचे रक्त ही नव्हे.

परंतु मूल परदेशात असेल तर हे दार वसईत उघडत नाही. 1890 च्या अधिनियमाच्या नवव्या कलमानुसार अज्ञान मूल जेथे सामान्यतः राहते तेथील जिल्हा न्यायालयालाच त्याच्या पालकत्वाचा अर्ज ऐकता येतो. मूल हॅम्बुर्गमध्ये वाढत असेल तर त्याच्या ताब्याचा किंवा भेटीचा निर्णय वसई-पालघरचे न्यायालय करू शकणार नाही. बापाला त्या देशाच्या कायद्याकडेच जावे लागते. म्हणून तिकडचे कायदे काय म्हणतात, हे कार्यकर्त्यांना ठाऊक असले पाहिजे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 1 डिसेंबर 2003 पासून, जन्मनोंदणीत आईबरोबर ज्याचे नाव लागले त्या अविवाहित बापाला पालक म्हणून कायदेशीर जबाबदारी व अधिकार मिळतात. नाव लागले नसेल तर आईशी लेखी करार करून किंवा न्यायालयाच्या आदेशाने ते मिळवता येतात. जर्मनीत पितृत्वाची रीतसर घोषणा आईच्या संमतीने करता येते, अगदी जन्मापूर्वीही. तेथे पूर्वी आईने नकार दिला की अविवाहित बापाला संयुक्त ताबा मागण्याचा मार्गच नव्हता. 2009 साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव ठरवला आणि 2013 मध्ये कायदा बदलला. आता न्यायालयात जाता येते. मुलाच्या हिताला बाध येत नसेल तर संयुक्त ताबा दिला जातो. आयर्लंडमध्ये जानेवारी 2016 पासून, आईबरोबर किमान बारा महिने एकत्र राहिलेल्या आणि त्यातील तीन महिने जन्मानंतरचे असलेल्या बापाला आपोआप पालकत्व मिळते. फिलिपीन्समध्ये 1987 च्या कुटुंब संहितेनुसार विवाहबाह्य मूल आईच्या अधिकाराखाली असते. जहाजांवर फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

अमेरिकेतील दोन निकाल तर ह्या साऱ्या चर्चेचे सार सांगतात. 1972 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, बाप अविवाहित आहे एवढ्यावरून तो नालायक आहे असे गृहीत धरून, त्याचे म्हणणे न ऐकता, त्याची मुले काढून घेता येणार नाहीत. त्या खटल्यातील बापाने मुलांना वाढवले होते. 1983 साली मात्र त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका बापाचा दावा नाकारला. कारण त्याने मुलाशी नाते जोडले नव्हते आणि बापांच्या नोंदवहीत नावही घातले नव्हते. जन्म देण्याने संधी मिळते. हक्क मिळतो तो संधीचे सोने करण्याने, असा ह्या दोन निकालांचा अर्थ.

आखाताची गोष्ट वेगळी आणि अधिक कठीण. सौदी अरेबिया, कुवेत आणि कतार ह्या देशांत विवाहबाह्य संबंध हा गुन्हा आहे. तेथे अविवाहित बापाने हक्क मागायला जाणे म्हणजे आईला आणि स्वतःला तुरुंगाच्या वाटेवर नेणे. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी 2022 पासून कायदा काहीसा सैल केला. विवाहबाह्य मूल झाल्यास जोडप्याने लग्न करावे अथवा एकट्याने वा दोघांनी मुलाला आपले म्हणून मान्य करून त्याची ओळखपत्रे व प्रवासाची कागदपत्रे मिळवावीत. तसे न केल्यास शिक्षा होऊ शकते. ह्या देशांत सर्वांत मोठी झळ गरीब घरकामगार स्त्रीला बसते, हे विसरून चालणार नाही.

आता उलट प्रसंग घ्या. बाप इंग्लंडात आहे आणि आई मूल घेऊन नालासोपाऱ्याला माहेरी आली आहे. 25 ऑक्टोबर 1980 च्या हेग कराराने एका देशातून दुसऱ्या देशात गैररीतीने नेलेले मूल त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशात परत पाठवण्याची व्यवस्था केली आहे. भारत ह्या करारात सामील झालेला नाही. विधी आयोगाने 2009 च्या 218 व्या अहवालात सामील होण्याची शिफारस केली, 2016 च्या 263 व्या अहवालात कायद्याचा मसुदा सुचवला. तरीही सरकारने पाऊल उचललेले नाही. नवऱ्याच्या वा जोडीदाराच्या छळाला कंटाळून माहेरी पळून आलेल्या स्त्रियांना पुन्हा त्याच दारात उभे केले जाईल, ही भीती ह्या विरोधामागे आहे आणि ती निराधार नाही. म्हणून येथे बापाला उच्च न्यायालयात बंदिप्रत्यक्षीकरणाचा अर्ज करावा लागतो. मिशिगनहून बापाने पुण्यात आणलेले मूल सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली आईकडे परत दिले. 2017 साली मात्र न्यायालयाने स्पष्ट केले की, परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घेण्याचा एक मुद्दा आहे; श्रेष्ठ ते मुलाचे हितच.

अविवाहित बापाची येथे आणखी एक कोंडी आहे. हेग कराराचा लाभ ‘ताब्याचा हक्क’ असलेल्यालाच मिळतो. आयर्लंडमधील एका अविवाहित बापाची मुले आईने इंग्लंडला नेली, तेव्हा 2010 साली युरोपीय न्यायालयाने सांगितले की, त्या बापाने आधी ताब्याचा हक्क मिळवलेला नसेल तर ते नेणे गैर ठरवता येत नाही. कागद वेळेवर केला नाही म्हणून करारही उपयोगी पडला नाही.

ह्या सगळ्यातून कार्यकर्त्यांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट, सल्ला. परदेशी गेलेल्या तरुणाने मूल होणार असे कळताच पितृत्वाची मान्यता आणि जन्मनोंदणी ह्यांची व्यवस्था करावी. जहाजावर असला तर आवश्यक ते प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवावे. पैसे हातोहात न पाठवता बँकेतून पाठवावेत. पत्रे, भेटी, फोन ह्यांचा पुरावा जपावा. हा पुरावा भांडणासाठी नव्हे. नाते होते हे सांगण्यासाठी. मुलासाठी मृत्युपत्र करावे. आणि मूल उचलून वसईला आणण्याचा विचार चुकूनही करू नये; त्याने हक्क मिळत नाही, असलेला जातो आणि मुलाचे जग मोडते.

दुसरी गोष्ट, मागणी. 1989 च्या बालहक्क संहितेला भारताने 11 डिसेंबर 1992 रोजी मान्यता दिली. तिच्या सातव्या कलमात मुलाला शक्य तोवर आपले आईबाप कळण्याचा आणि त्यांच्याकडून सांभाळ होण्याचा हक्क दिला आहे. दहाव्या कलमात वेगवेगळ्या देशांत राहणाऱ्या आईबापांशी नियमित संबंध ठेवण्याचा. मग आमचे कायदे ‘अनौरस’ हा शब्द अजून का वापरतात? मूल कधीच बेकायदा नसते. सहावे कलम औरस मुलाच्या बाबतीत आईला दुय्यम करते आणि अनौरस मुलाच्या बाबतीत बापाला; दोन्ही ठिकाणी लग्न हे केंद्र आहे, मूल नव्हे. पालकत्व लग्नावरून नव्हे तर सांभाळण्यावरून ठरावे, अशी मागणी समाजवाद्यांनी केली पाहिजे. हेग कराराबाबतही नुसत्या होकाराने वा नकाराने भागणार नाही. छळ झालेल्या आईला निःसंदिग्ध संरक्षण देणारा आणि सांभाळणाऱ्या बापाला सुनावणी देणारा देशी कायदा आधी हवा.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती न्यायालयात नाही, पाचूबंदरच्या आणि आगाशीच्या घराघरांत आहे. लग्नावाचून झालेल्या नातवंडाचा फोटो आजीने कपाटात लपवू नये. गावाच्या जिभेला भिऊन जो बाप मुलाचे नाव घेत नाही, त्याला कोणताही कायदा बाप करू शकणार नाही. ताराबाईंच्या काळी समाजाने आईला एकटे पाडले आणि बापाला लपू दिले. आज जो बाप लपायचे नाकारतो, त्याच्यामागे चळवळीने उभे राहावे. मात्र त्याने प्रथम त्या आईच्या शेजारी, तिच्या बरोबरीने उभे राहिले पाहिजे. तेवढी अट मान्य असेल तर त्याचा लढा हा समतेचाच लढा आहे.