पहिल्या ओढीलाच शिट्टी

कॉर्नर किक मारली जाण्याआधीचे दहा सेकंद कुठल्याही मैदानावर नीट पाहण्यासारखे असतात. चेंडू कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी असतो आणि सगळ्यांचे डोळे तिकडे लागलेले असतात. इकडे गोलसमोर, पेनल्टी बॉक्समध्ये, दहा-बारा जण एकमेकांना खेटून उभे असतात आणि बऱ्याच मुठींमध्ये दुसऱ्याची जर्सी असते. चेंडू हवेतून येतो. उडी मारू पाहणारा पोरगा जागीच खिळून राहतो आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून निघून जातो. पंच हात हलवून 'चालू द्या' म्हणतो. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत हे दिसतं, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दिसतं आणि विश्वचषकातही दिसतं.

नियमात कसलीही संदिग्धता नाही. बाराव्या नियमानुसार प्रतिस्पर्ध्याला धरणं हा थेट फ्री किकचा गुन्हा आहे, आणि बचाव करणाऱ्यानं तो आपल्या पेनल्टी बॉक्समध्ये केला तर पेनल्टी. लाथ, धक्का किंवा टॅकल यांच्या बाबतीत पंचाला ते बेपर्वाईनं झालं का, जोर जास्त होता का, हे तोलावं लागतं. धरण्याच्या बाबतीत ते तोलायचं नाही. अंगाला किंवा कपड्याला धरून समोरच्याची हालचाल अडवली, एवढं पुरे. बॉक्सच्या बाहेर धरलेली जर्सी बॉक्सच्या आत येईपर्यंत सोडली नाही, तरीही पेनल्टीच. इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना शिट्टी का वाजत नाही? उत्तरासाठी आपल्या पाण्याच्या पाळीकडे बघू.

लोणी देवकर काय, इंदापूर तालुक्यातलं कुठलंही गाव काय, पाण्याची पाळी म्हणजे काय ते इथं कुणाला समजावून सांगायला नको. खडकवासल्याचं आवर्तन सुटतं. पाणी कालव्यातून चारीला आणि चारीतून शेवटच्या शेतापर्यंत पोचायचं असतं. वाटेत रात्री कुणीतरी हातभर चारी फोडतो. एवढ्याशानं काय होतंय, असं त्याचं म्हणणं. तो एकटाच असता तर खरोखरच फार बिघडलं नसतं. पण पाटकऱ्यानं त्या पहिल्याकडे कानाडोळा केला की सकाळपर्यंत दहा जागी चारी फुटलेली असते आणि टेलच्या उसाला थेंब मिळत नाही. पेनल्टी बॉक्समधला आघाडीचा खेळाडू हा असा टेलचा शेतकरी आहे. मधल्या फळीपासून सगळ्यांनी मेहनतीनं आणलेला चेंडू त्याच्यापर्यंत पोचायचा असतो, आणि नेमकी तिथंच चारी फोडलेली असते.

आता टेलचा शेतकरी तक्रार घेऊन आला, तर 'ऊस वाळलेला दाखव, मग बघू' असं पाटकऱ्यानं म्हणावं का? त्यानं फोडलेली चारी पाहायची असते. फुटबॉलचे पंच मात्र फार वेळा वाळलेला ऊस मागतात. खेळाडू पडला तर ओढलं असेल, उभा राहिला तर काही झालं नसेल, असा हिशेब चालतो. सगळ्या दुखण्याचं मूळ इथं आहे. ओढलं की शिट्टी वाजली पाहिजे, पोरगा पडला की नाही हे पाहायचं नाही.

23 जून 1998 ची रात्र, फ्रान्समधलं मार्सेय. विश्वचषकात ब्राझील आणि नॉर्वे यांचा सामना. बेबेटोनं ब्राझीलला आघाडी दिली, तोरे आंद्रे फ्लोनं बरोबरी साधली आणि शेवटच्या मिनिटांत अमेरिकेचे पंच एस्फंदियार बाहरमास्त यांनी नॉर्वेला पेनल्टी दिली. ब्राझीलच्या ज्युनियर बायानोनं फ्लोला धरलं, असं त्यांचं म्हणणं. टीव्हीवर कुणालाच काही दिसलं नव्हतं. रेकदालनं पेनल्टीवर गोल केला आणि नॉर्वे 2-1 नं जिंकला. त्याच संध्याकाळी स्कॉटलंडला 3-0 हरवणारा मोरोक्को त्यामुळे स्पर्धेबाहेर गेला. जगभरातल्या समालोचकांनी बाहरमास्त यांना झोडपून काढलं. मग एका स्वीडिश वाहिनीच्या, गोलच्या मागच्या बाजूनं टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं चित्र बाहेर आलं. बायानोच्या मुठीत फ्लोची जर्सी ताणलेली स्पष्ट दिसत होती. बाकीच्या कॅमेऱ्यांना जे दिसलं नाही ते एका माणसाला दिसलं होतं, कारण तो चेंडूकडे न पाहता हातांकडे पाहत होता. आपल्याकडच्या मैदानांवर कॅमेरे नसतात म्हणून हतबल होणाऱ्या पंचांनी हा सामना जरूर लक्षात ठेवावा.

उलट उदाहरणही आहे. 12 जून 2014, साओ पावलो, विश्वचषकाचा पहिलाच सामना. क्रोएशियाच्या लोव्रेनचा हात ब्राझीलच्या फ्रेडला लागला आणि फ्रेड अंगातली हाडं गेल्यासारखा कोसळला. पेनल्टी मिळाली, नेमारनं गोल केला, ब्राझील 3-1 नं जिंकला. हात लागला होता, पण तेवढ्यानं हालचाल अडली होती असं म्हणणं फार कठीण आहे. पडण्याला भाव दिला की असं होतं. जो प्रामाणिकपणे पायावर उभा राहतो त्याला काहीच मिळत नाही, आणि पाहणारी शाळकरी पोरं त्यातून जे शिकायचं ते शिकतात. पुन्हा सांगायला हवं, कारण हा मुद्दा पटकन निसटतो: पडणं हा पुरावा नव्हे.

सगळ्याच पंचांनी कच खाल्ली असं नाही. 20 ऑगस्ट 2016 ला इंग्लंडमध्ये स्टोक सिटी आणि मँचेस्टर सिटी यांच्या सामन्यात माइक डीन यांनी कॉर्नरच्या वेळी धरल्याबद्दल पेनल्टी दिली. स्टोकच्या शॉक्रॉसनं ओटामेंडीला धरलं होतं. पुढे त्याच शॉक्रॉसला स्टर्लिंगनं ओढलं, तेव्हा त्यांनी उलट बाजूलाही पेनल्टी दिली. याला म्हणतात दोन्ही काठांवर सारखी नजर ठेवणारा पाटकरी. दुर्दैवानं हंगाम पुढे सरकला तशी ती कडक शिट्टी हळूहळू मऊ पडत गेली. 2018 च्या विश्वचषकात व्हिडिओ पंच आले आणि पेनल्टींची संख्या 29 वर गेली, आधीचा उच्चांक 18 होता. तिथंसुद्धा ट्युनिशियाविरुद्ध इंग्लंडच्या हॅरी केनला बॉक्समध्ये अक्षरशः लोळवलं तरी पेनल्टी नाही, आणि सहाच दिवसांनी पनामाविरुद्ध तशाच धरपकडीला पेनल्टी. खेळाडूनं यातून काय अर्थ काढायचा?

इथल्या पोरांना हे समजायला खरं तर सोपं आहे. कबड्डीत धरणं हाच खेळ, पण चढाईला आलेल्याचं धड किंवा हातपाय धरायचे. मॅटवरच्या कुस्तीत कितीही कस लावला तरी कॉस्च्युमला हात घालता येत नाही. या दोन खेळांत धरण्याला मान आहे, तरी तिथंही कपड्याला हात चालत नाही, मग जिथं धरायचंच नाही तिथं का चालावा?

बारामती-इंदापूर भागात शालेय सामन्यांना शिट्टी वाजवणारे बहुतेक क्रीडाशिक्षकच असतात. उन्हातान्हात, मानधनाचा विचार न करता ते उभे राहतात, त्यांच्याबद्दल आदर आहेच. म्हणूनच त्यांच्याकडून अपेक्षा आहे. चांगला पाटकरी पाणी सुटण्याआधी चारीवरून चक्कर मारतो. कॉर्नर मारेपर्यंत चेंडू खेळात नसतो, तेव्हा पेनल्टी देता येत नाही. पण शिट्टी वाजवून किक थांबवता येते, बॉक्सच्या जवळ जाऊन दोघांना नावानिशी समज देता येते, ऐकलं नाही तर पिवळं कार्ड दाखवता येतं. हे एकदा करावं. त्यानंतर चेंडू खेळात आला आणि मूठ आवळलेली दिसली, तर थेट अकरा मीटरच्या खुणेकडे बोट. सामन्याचं दुसरं मिनिट असो की शेवटचं. पहिली सोडली की दहावी पकडायचा हक्क उरत नाही.

आघाडीचे खेळाडूही बचाव करणाऱ्यांना ओढतात आणि तिथं उलट फ्री किक द्यायला हवी, हा मोठा विषय राहूनच जातो आहे. लाइन्समननं कुणाचे हात पाहायचे आणि मुख्य पंचानं कुणाचे, हेही सामन्याआधी ठरवता येतं, पण घड्याळ पुढे गेलं आहे.

प्रशिक्षकांसाठी मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. कॉर्नरच्या सरावाला बचाव करणाऱ्या पोरांच्या दोन्ही हातांत एकेक टेनिस बॉल द्यावा. परदेशात अनेक प्रशिक्षक असं करतात. बॉल धरलेल्या मुठीला जर्सी धरता येत नाही, मग पोरगं जागा धरायला, पाय हलवायला, वेळेवर उडी मारायला लागतं. टेनिस बॉल नसतील तर चिंध्यांचे बोळेही चालतील. पंधरा दिवस असं करावं, मग एका संध्याकाळी बोळे काढून घ्यावेत आणि त्यांचे हात कुठं जातात ते पाहावं.