वॉफलचा साचा आणि आक्कांची भाकरी

कवीला आकाशवाणीवर बोलावलं की तो कवितेवरच बोलणार, अशी आपली समजूत असते. आज मी तुमची थोडी निराशा करणार आहे. आज बोलणार आहे वॉफल नावाच्या पदार्थावर, आणि तो घरच्या घरी कुरकुरीत, हलका कसा करायचा यावर. स्वयंपाकातलं मला फारसं कळत नाही. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत या पदार्थानं आमच्या घरात जे घडवलं ते मी पाहिलं आहे, आणि रवी हातात धरून त्यात थोडा भागही घेतला आहे.

आमचं गाव निमगाव सावा. जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातलं, कुकडीकाठचं. आमच्याकडे ऊस उदंड आणि उसात बिबट्या. त्यामुळे दिवस मावळला की पोरांना कुणी ओट्याखाली उतरू देत नाही. दिवाळीला माझी नात पुण्याहून आली. दुसरीत शिकते. दोन संध्याकाळी ओट्यावर बसून कंटाळली आणि म्हणाली, “दादा, इथे वॉफल मिळत नाही?” मिळत नाही म्हटल्यावर तिनं बॅग उघडली. आतून विजेवरचा साचा निघाला. माझ्या मुलानं बरोबर दिला होता. म्हणजे बेत पुण्यातच ठरला होता.

ज्यांनी वॉफल पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपलं घावन किंवा धिरडं एका तव्यावर होतं. वॉफलला दोन तवे लागतात, एकमेकांवर मिटणारे, आणि दोन्हींवर चौकोनी उंचवटे. मधे पीठ ओतून मिटलं की दोन्हीकडून खळगे पडलेली जाड पोळी तयार होते. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. युरोपात हे फार जुनं आहे. चर्चमधल्या प्रार्थनेसाठीच्या पातळ चकत्या लांब दांड्यांच्या लोखंडी साच्यात भाजत, त्याच घराण्यातला हा पदार्थ. वॉफल हा शब्द डच भाषेतला, आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे मधमाशांचं पोळं. मला गंमत वाटली. मराठीत मधाचं ते पोळं, आणि कोकणात तव्यावरच्या घावनालाही कुठे कुठे पोळंच म्हणतात. पिठावर नक्षी उठवायची हौसही आपल्याला नवी नाही. मोहरमला चोंगे होतात, गव्हाचं पीठ आणि गुळाचे. त्यांवर कुठे बोटांनी, कुठे साच्यानं खळगे उठवतात. तेव्हा साचा पाहून आमची मंडळी म्हणाल्या, “हा तर चोंग्यांचा इंग्रजी भाऊ.”

पहिल्या संध्याकाळचा वॉफल मात्र पार फसला. मैदा, दूध, साखर, लोणी आणि दोन अंडी, सगळं एकत्र करून आम्ही मिक्सरमधून गरागरा फिरवलं. साचा लावला. त्याच वेळी शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या आणि घरातले दिवे पिवळे पडले. साचा तापता तापेना. धीर न धरता आम्ही पीठ ओतलं. निघालेले वॉफल एकावर एक रचले आणि गार होऊ नयेत म्हणून वर झाकण ठेवलं. दहा मिनिटांनी झाकण काढलं तर खाली पाणी सुटलेलं. नातीनं एक उचलला, तो तिच्या हातात मान टाकून लोंबला. ती म्हणाली, “दादा, हा झोपलाय.”

झोपलेला का होईना, पण पहिला पदार्थ शेजारी द्यायचा, हे तिला घरात शिकवलेलं. ताटलीत एक घालून ती शेजारच्या आक्कांकडे निघाली. आमची मंडळी धावल्या आणि तिला दारातच अडवलं. “आक्कांना चालत नाही. त्यात अंडं आहे.” पोर म्हणाली, “मग आक्कांसाठी का नाही केला?”

श्रोतेहो, या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आक्का माळकरी. आळंदीची वारी न चुकवणाऱ्या. चाळीस वर्षांचा शेजार आमचा. दिवाळीत त्यांच्याकडून करंज्या आणि अनारसे येतात, होळीला पुरणपोळी येते. ईदला आमच्याकडून त्यांच्याकडे जातो कोरा शिधा : शेवया, साखर, खारीक, खोबरं आणि तांब्याभर दूध. शिरखुर्मा त्या आपल्या भांड्यात, आपल्या चुलीवर करून घेतात. गावोगावी अशी रीत होती, अजूनही आहे. बी.ए. होऊन मी गावी परतलो तेव्हा हे मला फार लागत असे. एकदा अम्मीला म्हणालो, “त्यांच्या हातचं आपण खायचं आणि आपल्या हातचं त्यांनी खायचं नाही, हा कुठला न्याय?” अम्मी चूल फुंकत होती. वर न बघता म्हणाली, “तिच्या गळ्यात माळ आहे. आपल्या पातेल्यात गोश्त शिजतं. तू आधी एक पातेलं वेगळं कर, मग न्याय माग.”

ते पातेलं मी कधी वेगळं केलं नाही. रुसून दोन-चार कविता मात्र लिहिल्या.

यावेळी पातेलं वेगळं झालं. मुलगा रविवारी नातीला भेटायला आला, तेव्हा मंडळींनी त्याला दुसरा साचा आणायला सांगितला होता. शेगडीवर ठेवायचा, लाकडी मुठींचा. त्याला त्यांनी लाल दोरा बांधला आणि सांगितलं, “यात अंडं जाणार नाही.” नवं पातेलं, नवी पळीही निघाली. शेगडीवरच्या साच्यामुळे विजेची कटकटही मिटली. अशा साच्याची गोष्ट जुनी आहे. शेगडीवरच्या वॉफलच्या साच्याचं अमेरिकेतलं पेटंट आहे २४ ऑगस्ट १८६९ चं, न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांच्या नावावर.

आता मुद्द्याची गोष्ट. वॉफलमध्ये अंडं काय करतं? पांढरा भाग वेगळा काढून फेसला की त्यात हवा कोंडली जाते. ती उष्णतेनं फुगते आणि वॉफल हलका होतो. बलकातली स्निग्धता त्याला चव आणि रंग देते. अंडं काढलं तर ही कामं दुसऱ्या कुणीतरी करायला हवीत. फुगवायचं काम दिलं आंबट ताकाला आणि सोड्याला. दोघं भेटले की वायूचे बुडबुडे सुटतात. कुरकुरीतपणाचं काम दिलं तांदळाच्या पिठाला. मैदा भिजवून घोटला की चिवट होतो, तांदळाच्या पिठात तो चिवटपणा नसतो. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला, मावळात, भात पिकतो. तिकडचा तांदूळ दळून आणला. ताक आक्कांकडचंच.

प्रमाण लिहून घ्या. मैदा दीड कप, तांदळाचं पीठ अर्धा कप, साखर दोन मोठे चमचे, बेकिंग पावडर दोन लहान चमचे, खायचा सोडा पाव लहान चमचा, मीठ अर्धा लहान चमचा. हे सगळं कोरडंच चाळून एकत्र करायचं. दुसऱ्या भांड्यात पावणेदोन कप दाटसर आंबट ताक आणि पाव कपाहून थोडं जास्त तेल किंवा पातळ केलेलं लोणी. स्निग्धतेत काटकसर करू नका, कुरकुरीतपणा निम्मा तिच्यावर आहे. साखर मात्र वाढवू नका. ती जास्त झाली की वॉफल साच्याला धरतो आणि आत शिजण्याआधी बाहेर करपतो.

आता ताक कोरड्या पिठात ओतून हलक्या हातानं ढवळा. पीठ भिजलं की थांबा. लहान गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. आम्ही पहिल्या दिवशी मिक्सर फिरवला तीच चूक. जितकं घोटाल तितका मैदा रबरासारखा होतो. पीठ इडलीच्या पिठाइतकं दाट हवं. दहा मिनिटं झाकून ठेवा, तासभर मात्र नको, नाहीतर ताक-सोड्याचा जोर ओसरतो. अंडं चालत असेल त्यांनी ताक अर्धा कप कमी करावं, दोन अंड्यांचे बलक ताकात घालावेत, पांढरा भाग कोरड्या भांड्यात घट्ट फेसून सगळ्यात शेवटी अलगद मिसळावा. त्यात बलकाचा थेंबही गेला तर फेस धरत नाही.

साचा मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी चांगला तापवायचा. पाण्याचा थेंब टाकला तर नाचत उडून गेला पाहिजे. मग दोन्ही पाटांना, खळग्याखळग्यातून, तेल लावायचं. ही पायरी विसरलात तर काय होतं याची एक गोष्ट आहे. अमेरिकेत बिल बॉवरमन नावाचे धावण्याचे प्रशिक्षक होते. पुढे नायके झालेल्या कंपनीचे एक संस्थापक. १९७० च्या सुमारास वॉफल पाहून त्यांना वाटलं, असाच खळग्याखळग्यांचा बुटाचा तळ केला तर? त्यांनी बायकोच्या साच्यात चक्क रबरासारखं रसायन ओतलं. तेल लावायला विसरले. साचा जो मिटला तो उघडलाच नाही. पुढे बूट जगभर गाजला, पण त्या घरचा साचा गेला तो गेलाच.

पीठ पाटाच्या मध्यावर, पाऊण भाग भरेल इतकंच ओता. ते आपोआप पसरतं. मिटून एका बाजूनं तीन मिनिटं, उलटून दुसऱ्या बाजूनं तीन मिनिटं. आणि मधे उघडून बघायचं नाही. साच्याच्या कडेनं वाफ येत असते. ती वाफ म्हणजे पिठातलं पाणी. ती जोरात येते आहे तोवर आत ओल आहे. आधी उघडलंत तर वॉफल मधून फाटून दोन्ही पाटांना चिकटतो. वाफ मंदावली की उघडा. तो सोनेरी होऊन सुटलेला असतो.

हे सगळं आम्ही बरोबर केलं. पहिला वॉफल निघाला तो खुटखुटीत. नात नाचली. पण चार होईपर्यंत खालचे पुन्हा मऊ पडले. आम्ही हैराण. आक्का त्यांच्या ओट्यावर शेंगा निवडत सगळं बघत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, “अगं भाभी, गरम भाकरी भाकरीवर टाकतं का कुणी? घाम सुटतो तिला. उभी कर की.”

श्रोतेहो, खेड्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना आठवत असेल. बाजरीची भाकरी तव्यावरून निघाली की आराजवळ चुलीच्या कडेला उभी करत. दोन्ही अंगांनी वाफ निघून जाई आणि पापुद्रा कडक होई. वॉफलचं अगदी तेच आहे. साच्यातून निघाल्यावरही आतली वाफ बाहेर येत राहते. तिला वाट मिळाली नाही तर ती कवचातच मुरते. मंडळींनी चाळणी उपडी ठेवली आणि तिच्यावर एकेक वॉफल सुटा मांडला. खालून वारा, वरून वारा. दहा मिनिटांनीही कुरकुर तशीच. आमच्या तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बिणी आहेत, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्या भरीव पत्र्याच्या न करता तारांच्या जाळीच्या केल्या, म्हणजे वारा आरपार जातो आणि त्याचा भार येत नाही. जाळीचं मोल त्या शास्त्रज्ञांना जसं ठाऊक, तसं भाकरी उभी करणाऱ्या आमच्या आक्कांनाही.

मग नात ताटली घेऊन पुन्हा निघाली. यावेळी कुणी अडवलं नाही. आक्कांनी ताटलीकडे पाहिलं, मंडळींकडे पाहिलं. “भाभी, साचा नवा का?”

“कोरा आहे आक्का. पातेलं, पळी, सगळं कोरं. अंडं त्याला लागलेलं नाही आणि लागणार नाही. ताक तुमचंच आहे.”

आक्का थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठल्या, घरात गेल्या. मला वाटलं, झालं. पण त्या बाहेर आल्या त्या हातात बरणी घेऊन. गुऱ्हाळावरची काकवी. आमच्या ओट्यावर येऊन बसल्या, खळग्याखळग्यात काकवी भरली आणि एक तुकडा मोडून तोंडात टाकला. चाळीस वर्षांत आमच्या घरी शिजलेला हा त्यांचा पहिला घास. मी काही बोलणार होतो, मंडळींनी डोळ्यांनी गप्प केलं. आक्का म्हणाल्या, “मीठ एक चिमूट जास्त झालंय.” आणि दुसरा मागितला.

तेव्हापासून आम्ही मीठ थोडं कमी घालतो. तुम्हीही घाला. वर काकवी घ्या, मध घ्या, नुसतं लोणी घ्या. उरलेला वॉफल दुसऱ्या दिवशी तव्यावर मंद आचेवर कोरडाच गरम करा, पुन्हा कुरकुरीत होतो.

अम्मी आज नाही. असती तर तिला सांगितलं असतं की एक पातेलं वेगळं झालं, आणि न्याय मागायची वेळच आली नाही.

नात पुण्याला गेली. विजेवरचा साचा बरोबर घेऊन गेली. लाल दोऱ्याचा साचा आमच्याकडे राहिला, असं म्हणायचं. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळ आक्कांच्या स्वयंपाकघरात असतो. त्यांच्या नातवंडांनाही वॉफल लागतात. आम्हाला हवा असला की आम्हीच ओट्यावरून हाक मारून मागून आणतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)