आधी खोली, मग माइक



मी व्हॉइस-ओव्हरची कामं करतो हे कळल्यापासून तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, "माइक कोणता घेऊ?" पुढे नाव बहुधा सेनहायझर एमकेएच ४१६ चं असतं.

हा शॉटगन माइक मुळात चित्रीकरणासाठीचा. त्याच्या नळीला बाजूने खाचा असतात. बाजूचा आवाज निरनिराळ्या खाचांतून मागेपुढे पोहोचतो आणि बराचसा आपसांतच विरतो. समोरचा स्वच्छ मिळतो. पण ही करामत बारीक आवाजांवर चालते, खर्जावर फारशी नाही. शिवाय छोट्या खोलीत भिंतींवरून परतलेला आवाज समोरूनही येतो. म्हणून रिकाम्या खोलीत महागडा माइकही घुमतो. आधी गोधड्या आणि जाड पडदे लावा, पंखा बंद करा. मगच पैसे खर्च करा.

माइक तोंडापासून वीतभर लांब, जरा वर आणि ओठांकडे तिरपा ठेवा. म्हणजे 'प', 'फ'चा फटका थेट बसत नाही. मान वळली की आवाजाचा पोत बदलतो, हेही लक्षात ठेवा. आणि ४८ व्होल्टचा फँटम पॉवर देणारा इंटरफेस हवाच.

हे सगळं इथे सांगतोय, कारण आपल्या सरांचा, बाईंचा कविता शिकवतानाचा आवाज आपल्यापैकी कुणाकडेच नाही. आज ते समोर बसले आहेत. तो नोंदवून ठेवू या. माइक मी आणतो, गोधड्या तुम्ही आणा.