पिल्लाच्या छातीतली मर्मर



लसीसाठी आणलेलं आठ आठवड्यांचं पिल्लू टेबलावर शेपूट हलवत असतं. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात आणि म्हणतात, "मर्मर आहे." घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. पुढचा प्रश्न ठरलेला: "ब्रीडरला परत करायचं का?" आजच्या भाषणासाठी कार्यकारिणीने विषय विचारला, तेव्हा मला हाच सुचला. त्या दिवशी निकाल लावायची घाई सगळ्यांनाच असते, आणि सहसा तिची गरज नसते.

मर्मर हा रोग नव्हे, वाहत्या रक्तात उठलेल्या खळबळीचा आवाज आहे. पिल्लाच्या रक्तात लाल पेशी प्रौढ कुत्र्यापेक्षा कमी, म्हणून ते पातळ. हृदय भरभर चालतं आणि वाढत्या अंगातल्या मोठ्या रक्तवाहिन्या त्या मानाने अरुंद. त्यामुळे अगदी ठणठणीत पिल्लाच्या छातीतही हलकासा फुसकारा ऐकू येतो.

मर्मरीचा जोर मोजायला आम्ही बोस्टनचे डॉक्टर सॅम्युअल लेव्हाइन यांनी 1933 मध्ये माणसांसाठी मांडलेली सहा पायऱ्यांची मोजणीच वापरतो. निरुपद्रवी मर्मर बहुधा पहिल्या-दुसऱ्या पायरीवरची असते. ती आखूड असते, हृदय आकुंचन पावतानाच येते, छातीच्या डाव्या बाजूला ऐकू येते आणि पिल्लू शांत झालं की कमीही होते. चार ते सहा महिन्यांत ती बहुतेकदा नाहीशी होते.

पण नुसत्या जोरावर भिस्त ठेवू नका. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधलं, म्हणजे जवनिकांमधलं, छोटं छिद्र पुष्कळ आवाज करतं: उथळ पाण्याला खळखळाट फार. उलट गोल्डन रिट्रीव्हर, बॉक्सर, न्यूफाउंडलंड या जातींत महाधमनीच्या झडपेखालचा अरुंदपणा सुरुवातीला अगदी हळू बोलतो आणि पिल्लू वाढतं तसा आवाज वाढू शकतो. यंत्रासारखी अखंड घरघर असेल, तर जन्मानंतर मिटायला हवी ती धमनी उघडी राहिल्याची शंका घ्यावी. ती वेळेवर बंद केली तर कुत्रा बहुधा पूर्ण आयुष्य जगतो. दुर्लक्ष केलं तर अनेक पिल्लं वर्षभरातच दगावतात. अशा अखंड मर्मरीला कधीच निरुपद्रवी म्हणायचं नाही.

मग घरच्यांनी काय करायचं? हिरड्या पाहा. फिकट असतील तर पिसवा किंवा जंतांमुळे रक्त कमी झालं असेल. त्यानेही मर्मर येते आणि उपचाराने जाते. पिल्लू खातं, वाढतं, दंगा करतं, तर त्याला खेळू द्या आणि पुढच्या प्रत्येक लसीच्या वेळी छाती पुन्हा ऐकवून घ्या. ते खेळताना कोसळलं, धापा टाकू लागलं, हिरड्या निळ्या पडल्या, किंवा मर्मर मोठी असली, वाढली अथवा सहा महिन्यांनंतरही टिकली, तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. नसबंदीची भूल देण्याआधी आणि प्रजननाचा विचार करण्याआधी तर हा निकाल हातात हवाच.

म्हणून डॉक्टरांना "गंभीर आहे का?" एवढंच विचारून थांबू नका. कितव्या पायरीची, कुठे ऐकू येते, पुन्हा कधी तपासायची, हे विचारा आणि लसीच्या कार्डावर लिहून घ्या. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात, तरी त्यांना तुलना करता येईल.

आता तुमचे प्रश्न येऊ द्या.