नांगर बांधाला ठेवायचा, तर…



मृग लागला की कोकणात चिखलणीची घाई उडते. त्याआधी उन्हाळ्यात राब भाजायचा, त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडायच्या. मग रोपं, मग चिखल, मग दिवसभर वाकून लावणी. भात पिढ्यान्‌पिढ्या असाच पिकला, पण चिखलणीत मातीची घडण मोडते. गढूळ पाण्याबरोबर सुपीक माती ओहोळाला लागते. खाली तळ घट्ट होतो, त्यामुळे मागाहून पेरलेल्या वाल-हरभऱ्याची मुळं खोल उतरत नाहीत. साचलेल्या पाण्याखाली हवा नसल्यानं मिथेन वायूही तयार होतो.

कर्जत तालुक्यात नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी वेगळी वाट काढली. तिला 'सगुणा राइस तंत्र' म्हणतात. शेतकऱ्यांच्या तोंडी ते 'एसआरटी' आहे. पहिल्या वर्षी एकदाच नांगरून गादीवाफे करायचे. वाफ्यावर लोखंडी साचा दाबला की ठरावीक अंतरावर भोकं पडतात. त्यांत तीन-चार दाणे टाकायचे आणि मातीनं झाकायचे. राब नाही, चिखल नाही, लावणी नाही. कापणीनंतर बुडखे उपटायचे नाहीत, मुळं जमिनीतच कुजू द्यायची आणि त्याच वाफ्यावर पुढचं पीक घ्यायचं.

दोन-तीन हंगाम असे गेलेल्या शेतातला एखादा बुडखा खुरप्यानं हलकेच उकरून पाहा. कुजलेल्या मुळांच्या जागी बारीक पोकळ्या दिसतात, शेजारी गांडुळांची विष्ठा असते. याच वाटांनी पाणी आणि हवा खाली जाते. हे काम कोणत्याही फाळाला जमत नाही, असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट मात्र मोकळेपणानं बोलली पाहिजे. नांगरट थांबली की तण माजतं, आणि मग ग्लायफोसेटसारख्या तणनाशकाकडे हात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये ते बहुधा कर्करोगकारक ठरवलं. जमीन राखायची आणि फवारणाऱ्याचा जीव धोक्यात घालायचा, हे मला पटत नाही. आच्छादन, वेळेवर बेणणी आणि वाफ्यावर चालेल असं हलकं कोळपं यांवर आपल्या कृषी विद्यापीठांनी झटून काम करावं.

आणि आधार हवा तो पहिल्या खरिपात. दाणे रुजताना मोठी सर कोसळली, वाफ्यावर पाणी तुंबलं, तर बी कुजतं. तण वर आलं की शेजारीपाजारी बोलू लागतात, घरातले वडील म्हणतात, "नांगर घाल रे बाबा." त्या आठवड्यात सहायक कृषी अधिकारी बांधावर हजर असेल, तर शेतकरी टिकतो. ट्रॅक्टर आणि पॉवर टिलरला अनुदान मिळतं. तसाच आधार या शेतकऱ्यालाही मिळावा: गावच्या बचत गटाकडे दोन-चार साचे असावेत आणि पहिल्या वर्षी उतारा घटलाच तर भरपाईची हमी असावी.

खंडानं भात करणाऱ्याची अडचण याहून मोठी. जमीन पुढच्या वर्षी आपल्याकडे राहील की नाही, हेच माहीत नसेल, तर तो वाफे घालण्याचा खर्च का करील? गांडुळं वाढवायची त्यानं आणि कसदार जमीन मालकाची! अशांना निदान तीन वर्षांचा लेखी करार मिळावा. मृगाआधी तुमच्या गावात ग्रामसभा होईल, तेव्हा हा विषय जरूर मांडा.