आपला संघ हरू लागतो तेव्हा

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर. क्रिकेटचा खेळाडू मी कधीच नव्हतो आणि त्या खेळाच्या शास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी योग्यताही नाही. तथापि पन्नास वर्षे एकाच संघाची बाजू घेऊन बसलेल्या माणसास जो अनुभव येतो, तो मजपाशी आहे. त्याच्याच आधारावर आज चार शब्द सांगावयाचे योजिले आहे.

भाईंदर पश्चिमेस आमच्या इमारतीच्या ओट्यावर सायंकाळी आमची एक बैठक भरते. रणजी करंडकाचा हंगाम सुरू झाला, की तेथे भाजीचे भाव आणि लोकलची गर्दी हे विषय मागे पडतात आणि मुंबईच्या संघाचे काय होणार, हा एकच प्रश्न उरतो. गेल्या काही वर्षांत तर त्या प्रश्नाला कलहाचेच स्वरूप आले होते.

त्यास कारणही तसेच होते. १९३४-३५ साली ही स्पर्धा प्रथम झाली ती मुंबईने जिंकली. पुढे १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे हा करंडक मुंबईबाहेर गेला नाही. १९७४ साली बंगळूरास कर्नाटकाने ही परंपरा खंडित केली, तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो आणि त्या रात्री मला जेवण गोड लागले नव्हते. २०१५-१६ साली मुंबईने एकेचाळिसावे विजेतेपद मिळविले, आणि मग उतरती कळा लागली. जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या अंतिम सामन्यात गुजरातने आपल्याला हरविले. २०१८-१९ साली बाद फेरीदेखील गाठता आली नाही. २०१९ च्या नाताळात रेल्वेच्या संघाने खुद्द वानखेडे मैदानावर तीन दिवसांच्या आत दहा गडी राखून आपला पराभव केला. जून २०२२ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत मजल गेली, पण तेथे मध्य प्रदेश सरस ठरला. जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्राविरुद्ध दोन्ही संघांचे पहिले डाव नेमके ३८४ धावांवर संपले. आघाडीची एक धाव न मिळाल्याने आपण पुन्हा बाद फेरीबाहेर राहिलो.

आमच्या ओट्यावर या ऱ्हासाची तीन निदाने होत असत. बँकेतून निवृत्त झालेले अण्णा म्हणत, "२००८ पासून वीस षटकांचा तमाशा सुरू झाला आणि मुंबईचा खडूसपणा पैशापायी वितळला." तिसऱ्या मजल्यावरील तरुण अभियंता म्हणे, "अण्णा, पस्तिशीच्या लोकांना घरी बसवा आणि विशीतल्या पोरांकडे संघ द्या." कापडाचे दुकान चालविणारे शेठजी मात्र दोघांकडे पाहून हसत आणि म्हणत, "तोट्यातला धंदा किती वर्षे चालवायचा, गुरुजी? जो जिंकतो तो आपला."

मी बहुधा अण्णांची री ओढीत असे. पण मास्तरकीची सवय अशी, की उत्तर मान्य करण्यापूर्वी एकवार पडताळा पाहावासा वाटतो. तो पाहता ध्यानात आले, की आपण खाली आलो हे खरे असले, तरी इतर वर आले हे त्याहून अधिक खरे आहे. आपल्याला हरवून गुजरातने करंडक घेतला तो प्रथमच. त्यापुढील दोन वर्षे तो विदर्भाने घेतला, आणि मध्य प्रदेशाचेही ते पहिलेच विजेतेपद. या विदर्भाचे आणि मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक कोण? मुंबईचेच चंद्रकांत पंडित. विदर्भाकडून २०१८-१९ साली हजाराहून अधिक धावा कोणी केल्या? मुंबईच्याच वसीम जाफर यांनी. म्हणजे ज्या विद्येवर आपण एकट्याने मालकी सांगत होतो, ती आपल्याच माणसांनी इतरांस शिकविली. विद्यार्थी पुढे गेला म्हणून शिक्षकाने स्वतःस दरिद्री समजावे काय?

शिवाय असा काळ पूर्वीही येऊन गेला होता. १९८४-८५ नंतर मुंबईस नऊ वर्षे करंडक मिळाला नाही. १९९१ च्या मे महिन्यात वानखेडेवर हरियाणाविरुद्ध ३५५ धावा हव्या असता आपला डाव ३५२ वर आटोपला; दिलीप वेंगसरकर १३९ धावा करून नाबाद राहिले आणि दोन धावांनी पराभूत झाले. त्या दिवशी रडलेल्यांत मीही होतो. परदेशी उदाहरण हवे असल्यास ऑस्ट्रेलियात अंडाकृती चेंडूने खेळल्या जाणाऱ्या त्यांच्या खास फुटबॉलचे घ्यावे. मेलबर्नच्या क्लबाने १९६४ साली बारावे अजिंक्यपद मिळविले आणि तेरावे मिळविले ते थेट २०२१ साली, सत्तावन्न वर्षांनी. तोही अंतिम सामना साथीच्या निर्बंधांमुळे दूर पर्थ येथे झाला, आणि आयुष्यभर वाट पाहिलेल्या मेलबर्नकरांना तो घरातच बसून पाहावा लागला. तेथे एक चांगली रीत आहे. तळाला गेलेल्या संघास नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला मान मिळतो. आपल्याकडे अशी सोय नाही. मुंबईला आपली मुले आपणच वाढवावी लागतात.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. डाव्या हाताने फिरकी टाकी. पहाटे पाचच्या लोकलने खांद्यावर पिशवी घेऊन मुंबईच्या मैदानावर जाई आणि शाळेत येऊन दुपारी बाकावर पेंगे. निवड चाचणीत तो दोनदा मागे राहिला. त्याचे वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही सांगाल तसे करू." मी फारसा विचार न करता म्हणालो, "दोन वर्षांत निवड झाली नाही, आता पुरे. अभ्यासाला लावा." मुलाने पिशवी माळ्यावर टाकली.

त्या मुलाची निवड पुढे खात्रीने झाली असती, असे मी म्हणत नाही. बहुधा झालीही नसती. माझी चूक वेगळी आहे. त्याची गोलंदाजी मी एकदाही पाहिली नव्हती. मी केवळ निकाल पाहिला आणि निवाडा दिला. आमच्या ओट्यावर आम्ही संघाच्या बाबतीत तेच करीत होतो. शेठजींच्या बोलण्यावर मी रागावत असे. पण एका मुलाच्या बाबतीत मीच शेठजी झालो होतो.

पुढे १४ मार्च २०२४ रोजी मुंबईने विदर्भाचा १६९ धावांनी पराभव करून बेचाळिसावा करंडक मिळविला, तेव्हा ही उभारणी कशाने झाली हे मी लक्षपूर्वक पाहिले. उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या तनुष कोटियन व तुषार देशपांडे यांनी शतके ठोकून शेवटच्या गड्यासाठी २३२ धावा जोडल्या. उपांत्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध १०६ धावांत सात गडी बाद झाले असता शार्दूल ठाकूर यांनी १०९ धावा काढल्या. हे शार्दूल पालघरचे. लहानपणी लोकलने सुमारे ९० किलोमीटरांवरून मुंबईस खेळावयास येत. त्यांची गाडी आमच्या भाईंदरवरूनच जात असणार. अंतिम सामन्यात १३६ धावा करणारा मुशीर खान एकोणीस वर्षांचा, आणि शेवटचा गडी टिपून निवृत्त झालेले धवल कुलकर्णी पस्तीस वर्षांचे. म्हणजे अण्णाही अर्धे बरोबर आणि अभियंताही अर्धा बरोबर. त्याच महिन्यात मुंबई क्रिकेट संघटनेने रणजी खेळाडूंचे मानधन पुढील हंगामापासून दुप्पट करण्याचे जाहीर केले. पैशाने खडूसपणा वितळतो खरा. पण रणजी खेळणाऱ्याच्या घरची चूल पेटती राहिली, तर तो टिकूही शकतो.

त्या सायंकाळी तो माझा विद्यार्थी पेढे घेऊन आला. आता तो एका कुरियर कंपनीत नोकरीस आहे आणि रविवारी सकाळी भाईंदर पूर्वेस दहा-बारा मुलांस फुकट गोलंदाजी शिकवितो. मी त्याची क्षमा मागू लागलो, तेव्हा तो संकोचून म्हणाला, "जाऊ द्या, गुरुजी. रविवारी जरा बघायला तरी या." मी गेलो. एक लहानगा अडखळत धावत येऊन चेंडू टाकीत होता आणि हा त्याला सांगत होता, "गडी पडो न पडो, टप्पा तोच ठेव." हा धडा मी त्याला द्यावयास हवा होता, तो मी त्याच्याकडून घेतला.

श्रोतेहो, ही कथा विजयावर संपत नाही. जानेवारी २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरने वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर आपल्याला पाच गड्यांनी हरविले, पुढील महिन्यात नागपुरास उपांत्य सामन्यात विदर्भाने ८० धावांनी. आणि ऑगस्टमध्ये अजिंक्य रहाणे यांनी कर्णधारपद सोडून ते शार्दूल यांच्याकडे गेले. आमच्या ओट्यावर तीनही निदाने पुन्हा सुरू झाली. मी त्यांत भाग घेतो, पण एक अट घालून: ज्यास संघाला नावे ठेवावयाची असतील त्याने निदान एक दिवस मैदानावर जाऊन खेळ पाहिलेला असावा. रणजीच्या साध्या सामन्यास बाके बहुधा रिकामी असतात. आपल्या घरातील एखाद्या मुलास घेऊन तेथे जावे, डबा सोबत न्यावा आणि दिवसभर बसावे. संघ त्या दिवशी हरला, तरीही संध्याकाळपर्यंत बसावे.